गाई झाडाखाली नुसत्या उभ्या राहतात, झाडं काढून टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलू तालुक्यातल्या एका भावाकडे नऊ संकरित गाई आणि दोन देशी गवळाऊ गाई आहेत. कोठ्याला, म्हणजे गोठ्याला, लागून तीन एकर मुरमाड पडीक आहे. त्यात चार बाभळी, एक मोठं कडुलिंब आणि नाल्याच्या काठाला एक हिवर. गाई दिवसभर मोकळ्या असतात, पण अकरा वाजले की सगळ्या कडुलिंबाखाली जातात आणि पाचपर्यंत ‘नुसत्या उभ्या राहतात, चरत नाहीत’. झाडाखाली गवतही होत नाही. घरच्यांचं म्हणणं, झाडं काढा, तीनही एकरांत गवत लावा आणि गाईंसाठी टिनाचं शेड टाका. एप्रिल लागल्यापासून दूधही उतरलंय.

भाऊ, कुऱ्हाड आधी बाजूला ठेवा. मी एकतीस वर्षं वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत ढोरांचा डॉक्टर म्हणून फिरलो. तुमच्या प्रश्नातला ‘नुसत्या’ हा शब्द मला खटकला. गाय झाडाखाली नुसती उभी नसते. ती तिथे काय करते हे एकदा नीट पाहिलंत, तर दूध का उतरलं आणि आहे ती सावली पुरते का, दोन्ही कळेल.

उद्या दुपारी अडीच वाजता घड्याळ घेऊन कडुलिंबाजवळ जा. पंधरा-वीस हात लांब बसा, म्हणजे गाई तुमच्याकडे पाहून बुजणार नाहीत. एका गाईच्या कुशीकडे, शेवटच्या बरगडीमागच्या खळगीकडे नजर लावा आणि कूस मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा. निवांत गाईचे श्वास साधारण २५ ते ४० भरतात. ६० च्या वर गेले की उन्हाचा ताण सुरू झालाय. ८० च्या वर असले तर ताण भारी आहे. आणि गाय मान पुढे ताणून, तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून लाळ गाळत असेल तर मोजत बसू नका, अंगावर पाणी मारायला घ्या.

हे मोजणं मला नोकरीच्या सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. आर्वीकडच्या एका गावात मला एका गाईसाठी तीनदा बोलावलं. कपिला नाव तिचं, काळी-पांढरी होल्स्टीन संकरित. बारा लिटरवरून आठवर आली होती. मी कॅल्शियमच्या बाटल्या लावल्या, लिव्हर टॉनिक लिहून दिलं, खनिज मिश्रण बदलायला सांगितलं. शेतकऱ्याचे पैसे गेले आणि दूध होतं तिथेच राहिलं. तिसऱ्या खेपेला माझी मोटारसायकल बिघडली आणि मला भर दुपारी त्यांच्या अंगणात दोन तास थांबावं लागलं. तेव्हा पहिल्यांदा मी कपिलाला दुपारी पाहिलं. आठ फूट उंचीच्या टिनाखाली ती पाय फाकवून उभी होती, हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. श्वास मोजले तर ९२. समोर ताजी वैरण पडलेली, तिने तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

बांधावर एक जुनी चिंच होती. दावं सोडून तिला तिथे नेलं आणि मी तिच्याजवळ बसून राहिलो. पहिली वीसेक मिनिटं ती तशीच उभी होती. मग बादलीभर पाणी प्याली, आणखी दिलं तेही प्याली. पाऊण तासाने तिने पुढचे गुडघे टेकले, अंग एका बाजूला टाकून बसली, आणि थोड्या वेळाने गळ्यातून खालून वर एक लाट सरकताना दिसली. घास तोंडात आला. जबडा आडवा फिरायला लागला. एका घासाला पन्नास-साठ वेळा चावून तिने तो गिळला, तीन-चार सेकंद थांबली, पुन्हा लाट वर आली. श्वास तोवर साठीच्या आत आले होते. मी तिला दिलेल्या कुठल्याच औषधाने जे केलं नव्हतं ते त्या चिंचेने तासाभरात केलं होतं.

रवंथ हेच तुमच्या दुधाच्या कारखान्यातलं काम आहे. धड गाय दिवसाचे सात ते नऊ तास रवंथ करते. रवंथ करताना लाळ सुटते. मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार होते आणि त्यात सोडा असतो, तोच सोडा पोटातला आंबटपणा मोडतो. गाय धापा टाकायला लागली की रवंथ थांबतं, लाळ पोटात जायची ती जमिनीवर गळते, जोरजोरात श्वास सोडून रक्तातला तोलही बिघडतो. परिणाम तुम्हाला डेअरीवर दिसतो, फॅट उतरतं. भूकही मरते, कारण वैरण पचवतानाच पोटात उष्णता तयार होते आणि गाय ती वाढवायला तयार नसते. दूध उतरतं त्यातलं निम्म्याच्या आसपास नुकसान या कमी खाण्याचं. उरलेलं शरीराने स्वतःला थंड ठेवायला खर्च केलेल्या ताकदीचं. शिवाय आजच्या उन्हाचा फटका दुधात साधारण दोन दिवसांनी दिसतो. म्हणून शेतकऱ्याला वाटतं कालपरवा ढेप बदलली त्याने दूध गेलं.

बसण्याचंही तसंच. गाय बसली की कासेकडे जाणारं रक्त वाढतं, म्हणून चांगली दुभती गाय दिवसाचे दहा-बारा तास बसायला मागते. पण ऊन लागलं की ती मुद्दाम उभी राहते, कारण उभं राहिल्याने अंगाची जास्त बाजू वाऱ्याला मिळते. तुमच्या गाई कडुलिंबाखाली सहा तास उभ्या असतात म्हणता, तर मला पहिला संशय हा येतो की त्यांना सावली आहे पण अपुरी आहे. सावली भरपूर असती तर त्यातल्या निम्म्या तरी दुपारी बसून रवंथ करताना दिसल्या असत्या.

गाईला सावलीची किंमत किती असते? न्यूझीलंडमध्ये एक प्रयोग झाला होता. तिथलं ऊन आपल्यापुढे काहीच नाही. गाईंना बारा तासांपर्यंत बसू दिलं नाही आणि मग त्यांच्यासमोर दोन जागा ठेवल्या: उन्हात बसायला जागा, किंवा सावलीत फक्त उभं राहायला. थकलेल्या असूनही उन्हाच्या दिवशी गाईंनी सावलीत उभं राहणं निवडलं. तुमच्या गाई रोज अकरा वाजता हेच करतात, आणि इथे तर एप्रिलमध्येच पारा ४२-४३ वर जातो.

आता टिनाच्या शेडचं. झाड हवा फार थंड करत नाही. झाडाखाली आणि बाहेर थर्मामीटर ठेवला तर पाऱ्यात दोन-तीन अंशांचाच फरक दिसेल. पण गाईच्या पाठीवर वरून उतरणारी उन्हाची धग झाड अडवतं आणि त्याचा स्वतःचा पाला पाण्याच्या वाफेने थंड राहतो. टिन ऊन अडवतं खरं, पण स्वतः तव्यासारखं तापतं आणि तीच धग खाली गाईच्या पाठीवर टाकतं. दुपारी दोन वाजता टिनाखाली हात वर करा आणि मग कडुलिंबाखाली करा, फरक तळहाताला कळेल. शेड टाकायचंच असेल तर बाजूची उंची दहा-बारा फुटांच्या खाली नको, चारी बाजू मोकळ्या ठेवा आणि टिनावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा हातभर थर घाला. ते रात्रीसाठी आणि पावसासाठी चांगलं. झाडाच्या बदल्यात मात्र नाही.

घरचे म्हणतील, उन्हाळा दोन महिन्यांचा. तसं नाही. तापमान आणि हवेतली आर्द्रता मिळून गाईवर किती ताण येतो याचा एक निर्देशांक काढतात. ७२ च्या वर गेला की संकरित गाईचं दूध उतरायला लागतं, जास्त दुधाच्या गाईचं तर ६८ पासूनच. मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हा आकडा ८५ येतो. जुलैत पाऊस उघडल्यावर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरा, आकडा ८६ येतो. ऑक्टोबरच्या तापात ३४ अंशांना ५५ टक्के आर्द्रता असली तरी ८४-८५. म्हणजे आपल्याला सुसह्य वाटणारा श्रावणातला दमट दिवस गाईला मेच्या दुपारइतकाच जड जातो, कारण घाम सुकतच नाही. मेमध्ये अंगावर पाणी मारून पंखा लावला की कोरड्या हवेत गाय लगेच निवते. जुलैत तेवढा उपयोग होत नाही, तिथे वारा आणि सावली हेच दोन आधार. या आकड्यात ऊन मोजलेलं नसतं. उघड्यावर उभ्या गाईचे हाल त्याहून वाईट.

तुमच्या दोन गवळाऊ मात्र वेगळं वागत असतील, बघा. वर्धा-नागपूरच्या मातीतलंच हे ढोर. अंगावरचे पांढरे केस ऊन परतवतात, दूध कमी म्हणून पोटातली उष्णता कमी, घामाची सोय चांगली. संकरित गाई अकराला सावली गाठतात तेव्हा गवळाऊ आणखी तास-दीड तास चरताना दिसतील आणि साडेतीन-चारलाच पुन्हा बाहेर पडतील. त्यावरून संकरित गाई आळशी आहेत असं समजू नका. त्यांचा पिंड थंड मुलखातला आहे.

जुन्या गायक्यांना, म्हणजे गुराख्यांना, हे सगळं ठाऊक होतं. झुंजुमुंजु व्हायला ढोरं आखरावर जमायची, ऊन चढेपर्यंत रानात चरायची, दुपारी नाल्याकाठच्या झाडांखाली गोठणीवर बसायची आणि उतरत्या उन्हात पुन्हा चरत गावाकडे यायची. दुपारचं चरणं त्या वेळापत्रकात नव्हतंच. तुम्ही गाई किती वाजता सोडता हे लिहिलं नाही, पण दूध काढून, डेअरीवर घालून, आठ-साडेआठला सोडत असाल तर गाईला चरायला थंड वेळ दोन तासच मिळतो. पहाटे पाचला सोडा. दूध आधी काढा किंवा नंतर, पण वेळ रोज एकच ठेवा. संध्याकाळी साडेपाच ते आठ पुन्हा चरू द्या. कुंपण पक्कं असेल आणि वाघ-बिबट्याचा धाक नसेल तर चांदण्या रात्री मोकळं ठेवायलाही हरकत नाही. उन्हाळ्यात गाय आपणहून रात्रीचं चरणं वाढवते. ढेप आणि चुनी दुपारी देऊ नका, ती रात्री आणि पहाटे. अकरा ते पाच हा वेळ सावली, पाणी आणि रवंथाचा.

आता मुद्द्याचा भाग, गर्दी. अकरा जनावरं आणि एक कडुलिंब. वर मोजायला सांगितलं तेव्हाच आणखी एक बघा: तीन वाजता खोडाजवळच्या दाट सावलीत कोण आहे आणि कडेला अर्धं अंग उन्हात टाकून कोण उभं आहे? कळपात एक मोठी असतेच. ती मधली जागा धरते आणि शिंगाच्या एका हिसक्याने कालवडीला, पहिलारू गाईला बाहेर काढते. रोज तीच गाय उन्हात राहते, तिचंच दूध आधी उतरतं, तिलाच माज दिसत नाही. एका मोठ्या जनावराला निदान ५० चौरस फूट सावली लागते. ती भर दुपारची मोजायची, सकाळची लांब पसरलेली नव्हे. तुमच्या अकरांना साडेपाचशे चौरस फूट झाली. तुमच्या कडुलिंबाची सावली या कडेपासून त्या कडेपर्यंत बारा पावलं असली तर कागदावर पुरते, पण एकाच खोडाभोवती सगळी असल्याने भांडण संपत नाही. तेवढीच सावली तीन-चार ठिकाणी विखुरलेली असली की दबलेली गाय दुसऱ्या झाडाकडे निघून जाते. मेक्सिकोत झाडांच्या कुरणातल्या आणि नुसत्या गवताच्या कुरणातल्या कालवडींची तुलना झाली होती. झाडांमधल्या कालवडी एकमेकींना जास्त चाटत, जास्त निवांत असत आणि कोण मोठी कोण लहान ही त्यांची उतरंड जास्त पक्की होती. कपिला ज्या गावातली, त्याच गावात मी पुढे हे डोळ्यांनी पाहिलं. बांधावर झाडं वाढलेल्या घरच्या गाई इंजेक्शनलासुद्धा शांत उभ्या राहायच्या.

तुमच्या चार बाभळी मग रिकाम्या का राहतात? मला वाटतं दोन कारणं. बाभळीची सावली विरळ, ऊन गाळून येतं. आणि पाण्याची टाकी बहुधा कोठ्याजवळ, कडुलिंबाच्या बाजूला असावी. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते, ती पाण्यापासून लांब जाणार नाही. बाभळींकडे एक हौद करा, झाडापासून वीसेक पावलं बाजूला. अगदी खोडाशी केला तर चिखल होतो. नवीन झाडं मोठी होईपर्यंत बाभळींच्या मधे बल्ल्या रोवून उंचावर हिरवी शेडनेट ताणा. आठवड्याभरात कळप दोन जागी वाटलेला दिसेल.

झाडाखाली गवत होत नाही हे कडुलिंबाबाबत खरं, बाभळीबाबत नाही. बाभळीचं मूळ जमिनीत नत्र देतं, ऊन खाली उतरतं, आणि पाऊस संपल्यावर उघड्या रानातलं गवत वाळतं तेव्हा बाभळीखालची मारवेल पंधरा दिवस जास्त हिरवी राहते. तुमच्या मुरमाडात मारवेल, पवन्या आणि स्टायलो चांगलं येईल. ओलिताची सोय असेल तर बांधाच्या सावलीत गिनी गवत लावा, ते सावली सोसतं.

नवीन झाडांसाठी खड्डे आत्ताच खोदा, मृगाचा पाऊस झाला की लावा. आपल्याकडे लोक बांधावर साग लावतात. लाकडासाठी लावा, पण गाईच्या सावलीसाठी साग कामाचा नाही. मार्च ते मे तो उघडा असतो, म्हणजे हवा तेव्हाच छत्री मिटलेली. काळा शिरसही मार्च-एप्रिलात उघडाच. कडुलिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला टाकतं पण एप्रिलपर्यंत पुन्हा भरतं. मुरमाडात अंजन चांगला, त्याचा पाला ढोरं खातात. बाभूळ, हिवर, करंज हेही चालतील. सुबाभूळ चाऱ्यासाठी लावा, पण एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. त्यातल्या मिमोसिनने केस गळतात, गळ्यातली ग्रंथी सुजते. कण्हेर कुंपणालासुद्धा नको, थोडा पाला खाल्ला तरी गाय दगावते. घाणेरी दिसेल तिथे मुळासकट काढा, तिने कावीळ होऊन कातडी सोलपटते.

ओळी दक्षिणोत्तर धरा, दोन ओळींत ३०-३५ फूट. सकाळी सावली पश्चिमेला पडेल, दुपारनंतर पूर्वेला सरकेल. जमीन आळीपाळीने सुकेल आणि सगळ्या गवताला ऊन मिळेल. दोन-अडीचला, खऱ्या तापाच्या वेळी, सावली झाडाच्या पूर्वेला असते. म्हणून गाईंनी बसावं असं वाटतं त्या जागेच्या पश्चिमेला झाड लावा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, सुमारास मात्र आपल्याकडे माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली खोडाभोवतीच राहते. रोपांना तीन-चार वर्षं बोराटीच्या काट्यांचं कुंपण लागेल. गाय रोप खाते त्यापेक्षा अंग घासून जास्त मोडते.

झाडाखालचा त्रासही सांगतो, नाहीतर पावसाळ्यात मला शिव्या द्याल. रोज एकाच जागी बसल्याने शेण-मूत साचतं, जुलैत त्याचा चिखल होतो आणि त्यात बसलेल्या गाईच्या सडांतून दगडी, म्हणजे कासेचा सुजेचा रोग, आत शिरते. पावसाळ्यात आठवड्याआड जागा बदला, शेण उचला, कोरडी भुरभुरी माती टाका. खोडाच्या सालीत गोचीड लपतात, आणि संकरित गाईंना गोचीडताप फार लवकर लोळवतो. जांघ, कानाच्या आत आणि शेपटीखाली रोज हात फिरवा. आणि वीज: रोहिणी-मृगाच्या वादळात उघड्या माळावरचं एकटं उंच झाड धोक्याचं. ढग भरून आले की गाई कडुलिंबाखालून काढून कोठ्यात घ्या. झाडाला तार बांधून कुंपण केलं असेल तर ते वादळाचे दिवस यायच्या आधीच सोडवून ठेवा, एका विजेत तारेला लागलेली सगळी जनावरं जातात.

माजाबद्दल एक ओळ. उन्हाळ्यात माज आखूड आणि मुका होतो, उडणं बहुतेक रात्रीच होतं. रात्री दहाला आणि पहाटे पाचला एक फेरी मारा, बऱ्याच ‘माजावर न येणाऱ्या’ गाई तेव्हा सापडतात.

तुमच्या नवांपैकी किती गाई आठव्या-नवव्या महिन्यात गाभण आहेत, ते लिहायचं राहिलं. दूध आटवलेली गाय म्हणून तिला उन्हात सोडून दुभत्यांना सावलीत ठेवायची आपल्याकडे रीत आहे. पण शेवटच्या दोन महिन्यांत ऊन लागलं तर वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेताचं दूधच कमी येतं. तशा गाई असतील तर शेडनेट ताणून होईपर्यंत त्यांना वेगळं बांधा, कडुलिंबाच्या पूर्वेला, खोडाजवळ.